आधीमग

आमच्या फोरमनना अख्खा कारखाना पाठीमागे ‘आधीमग’ म्हणायचा, आणि ते नाव ठेवलेलं माझं. मी पहिल्यापासूनच तोंडाने फटकळ. कुणी काही विचारायला गेलं की ते चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, ‘‘आधी काय, मग काय, ते सांगा.’’ मशीन बंद पडलेलं असो, सुट्टी हवी असो, नाहीतर कुणाचं कुणाशी भांडण झालेलं असो, प्रश्न हाच. एकदा एका सुताराच्या बोटात पटाशी घुसली, तेव्हाही त्यांनी आधी रक्त थांबवणं, मग पट्टी, मग आरडाओरडा असा क्रम लावून दिला. तो बिचारा आरडाओरडा करायचा विसरूनच गेला.

कारखाना लाकडी खुर्च्यांचा. एका लांब पत्र्याच्या शेडचे तीन भाग. पुढे कापकाम आणि घासकाम, मध्ये जोडकाम, आणि सगळ्यात शेवटी दोन मोठ्या खिडक्यांची आमची पॉलिशची खोली. तिथे आम्ही नऊ जणी. मी त्यांतली थोरली, अठरा वर्षांची जुनी. लाखेचा आणि स्पिरिटचा वास आमच्या केसांतून रविवारीसुद्धा जात नाही.

आधीमग एकोणिसाव्या वर्षी इथे घासकामाला लागले. सव्वीस वर्षं भुसा खाल्ला, तेव्हा कुठे फोरमन झाले. लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीने लहानाचं मोठं केलं आणि आता तिला ते सांभाळतात, असं त्यांचं म्हणणं. तिला विचारलं तर ती नेमकं उलटं सांगते. मध्यंतरी ताईंचा हात मोडला म्हणून आम्ही सगळ्या पाहायला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आमच्यासमोर आधीमगांनी चहा केला, तर साखर आधी कपांत घातली आणि वरून चहा ओतला. म्हणे, तेवढं ढवळणं वाचतं आणि चमचा धुवावा लागत नाही. शर्टाची बटणं खालून वर लावतात, म्हणजे एक बटण वर-खाली होत नाही. ताई पलंगावरून म्हणाल्या, याच्याशी कुणी लग्न केलं असतं तर त्या बाईला रोज सकाळी वेळापत्रक मिळालं असतं. आम्ही हसून हसून लोळलो. तेही हसले, पण आधी गॅस बंद करून.

त्याच वर्षी एका नव्या इस्पितळाचं काम आलं. तीनशे साठ खुर्च्या, वीस दिवसांत. नंबर लागेपर्यंत पेशंट आणि त्यांची माणसं बसतात, त्या दालनांसाठी. एवढं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं. मालकांनी हो म्हणून टाकलं आणि हिशेब नंतर केला. माणूस वाईट नाही, पण घाबरट आहे, आणि घाबरला की आवाज चढतो.

घोडं अडत होतं ते माझ्या खोलीत. खुर्ची जोडली की सरस वाळेपर्यंत एक दिवस शिकंज्यात आवळून ठेवायची, मग पॉलिशला आणायची. शिकंजे तीस, म्हणजे रोज तीस खुर्च्या. ते चाललं असतं. पण पॉलिशचे हात तीन, प्रत्येक हाताला वाळायला एक दिवस, आणि माझ्या खोलीत खुर्च्या मावतात चाळीस. म्हणजे नऊ फेऱ्या, सत्तावीस दिवस. कापाकापी आणि जोडणी धरून महिना. मालक म्हणाले, गावाबाहेर एक स्प्रेवाला आहे, मशीनने दिवसाला शंभर खुर्च्या फवारून देतो. आणि एकदा काम तिकडे गेलं की पॉलिशची खोली ठेवायची कशाला? हे ते माझ्यासमोर बोलले. आमच्यातल्या पाच जणींच्या घरी दुसरं कुणी कमावणारं नाही. मला स्वतःला पॉलिशचा बोळा फिरवण्यापलीकडे काही येत नाही.

आधीमगांनी उद्या दुपारपर्यंत वेळ मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी ते जोडकामाच्या फरशीवर गुडघ्यांवर बसून खडूने चौकोन आखत होते. एका चौकोनात त्यांनी एक तयार खुर्ची ठेवली. शेजारच्या तेवढ्याच चौकोनात मांडणी उभी करून तिच्या फळ्यांवर सुटे पाय, दांडे, पाठी असे आडवे रचले. एका खुर्चीच्या जागेत तीन खुर्च्यांचं सामान बसलं.

‘‘खुर्ची आधी जोडायची आणि मग पॉलिश करायचं, हे कुणी ठरवलं?’’ त्यांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. ठरलेलं होतं, एवढंच.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. सुट्या भागांना आधी पॉलिश करा, मग खुर्ची जोडा. खोलीत एका वेळी एकशेवीस खुर्च्यांचं सामान मावेल, म्हणजे तीनच फेऱ्या, नऊ दिवस. पहिली फेरी वाळली की इकडे दुसरीला हात लागेल आणि तिकडे जोडणी सुरू होईल, कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही. अठराव्या दिवशी खुर्च्या तयार, दोन दिवस हातात.

जोडकामाचे थोरले मिस्त्री म्हणाले, ‘‘म्हणजे आधी बूट, मग मोजे.’’ सगळे हसले. पण त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आडव्या दांड्याचं टोक बारीक करून ते पायाच्या खाचेत ठोकतात, त्या टोकाला कुसू म्हणतात. सरस लाकडाला धरतो, पॉलिशला धरत नाही. कुसवाला पॉलिश लागलं तर खुर्ची उभी राहते, दिसते छान, आणि महिन्याभरात कुणाला तरी घेऊन खाली बसते. त्यात या खुर्च्या आजारी माणसांच्या.

त्यावरही आधीमगांनी विचार केलेला होता. प्रत्येक कुसवाला आधी कागदी चिकटपट्टी गुंडाळायची, पॉलिश वाळलं की सोलायची. एका खुर्चीला आठ दांडे, सोळा कुसवं. तीनशे साठ खुर्च्यांची पाच हजार सातशे साठ. मालकांनी कपाळाला हात लावला, पण मान डोलावली. एकच अट घातली, आणि ती सगळ्यांसमोर घातली: एक दिवस जरी उशीर झाला तरी खोली रिकामी करून स्प्रेवाल्याला. मग कुणी रडत यायचं नाही.

आता माझ्या खोलीचा एक नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. लाकूड पाणी पितं ते टोकातून. म्हणून माझ्या खोलीतून कोरं टोक बाहेर गेलेलं मला चालत नाही. नवी आलेली प्रत्येक पोरगी माझी बोलणी खाऊनच तयार झालीय. मी लांबूनच नुसतं ‘‘टोक’’ म्हणायचे आणि आठ हात टोकाकडे जायचे. आणि आता नेमकं टोकच कोरं सोडायचं होतं. चिकटपट्टी होती तोवर प्रश्न नव्हता. पट्टीवरून बोळा गेला तरी आत लाकूड कोरंच राहायचं.

दोन फेऱ्या छान झाल्या. आधीमग जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून स्वतः पट्ट्या गुंडाळत बसायचे. रात्री नीट झोपत नसावेत, डोळे लाल असायचे. रोज सकाळी आत डोकावून मांडण्यांवरचे दांडे मोजून जायचे. त्यांनी शब्द दिला होता आमच्या खोलीसाठी, हे आम्हा नऊ जणींना कळत होतं.

नवव्या दिवशी, तिसऱ्या फेरीचा पहिला हात सुरू करायचा, तर चिकटपट्टी संपली. दुकानदाराने सकाळी पाठवतो म्हणून सांगितलं होतं, पाठवली नाही. आधीमग स्वतःच आणायला निघाले. निघताना मला म्हणाले, मी येईपर्यंत थांबा. मी बरं म्हटलं. लाख कालवून ठेवलेली, बोळे भिजवलेले, नऊ जणी हात मांडीवर ठेवून बसलेल्या.

अकराच्या सुमाराला मालक आले, आणि त्यांच्याबरोबर स्प्रेवाला. त्याच्या हातात टेप होता. त्याने माझ्या खिडकीची उंची घेतली, भिंतीची लांबी घेतली, विजेचे प्लग मोजले. आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. मालकांनी विचारलं, या सगळ्या नुसत्या का बसल्यात? मी कारण सांगितलं. ते स्प्रेवाल्याकडे वळून म्हणाले, ‘‘बघा, मी म्हणालो नव्हतो?’’ आणि दोघं निघून गेले.

माझं डोकं फिरलं. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग आहे. मी पोरींना म्हटलं, चला, हात आवरून करा, कुसू सोडून पॉलिश करा.

हात आवरले नाहीत. कसे आवरतील? ते हात मीच तर घडवले होते. अर्ध्या तासाने मी खाली बघितलं, तर माझ्या स्वतःच्या मांडीवरच्या दांड्याची दोन्ही टोकं लखलखत होती. काम थांबवलं. मोजले, तर ऐंशी दांडे. स्पिरिटच्या फडक्याने पुसले, पॉलिश पेपर मारला. कोऱ्यासारखे दिसायला लागले. दिसायला. स्पिरिटने लाख निघते तशी ती पातळ होऊन आतही मुरते, हे मी अठरा वर्षं पोरींना शिकवत आलेय.

दोन वाजता आधीमग घामाघूम होऊन आले. हातात पिशवीभर चिकटपट्ट्या. दारातूनच विचारलं, ‘‘थांबलात ना?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं.

त्या ऐंशी दांड्यांवरही पट्ट्या चढल्या आणि नऊशे साठ दांड्यांत ते मिसळून गेले. कुठला कुठला, मलासुद्धा ओळखू आलं नसतं. पोरी मूग गिळून बसल्या.

पुढचे नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. जोडकामात ठोकाठोक चालायची आणि प्रत्येक ठोक्याला माझा बोळा थांबायचा. सांगावं म्हणून दोनदा उठले. सांगितलं तर सगळे दांडे पुन्हा तासायला घ्यावे लागतील, उशीर होईल, खोली जाईल. नाही सांगितलं तर एखादी म्हातारी रिपोर्ट हातात घेऊन बसेल आणि कोसळेल. घरी जेवताना मी खुर्चीवर हळूच बसायला लागले. मुलीने विचारलं, आई, पाठ दुखते का? मी हो म्हटलं. आणखी एक खोटं.

अठराव्या दिवशी सकाळी तीनशे साठ खुर्च्या अंगणात रांगांनी मांडल्या. इतक्या देखण्या खुर्च्या आमच्याकडून आजवर गेल्या नव्हत्या. सुट्या भागांवर हात फिरल्यामुळे सांध्यात एक ओघळ दिसत नव्हता. दुसऱ्या दिवशी ट्रक यायचा होता. थोरले मिस्त्री रांग सरळ करायला एक खुर्ची उचलायला गेले आणि तिचा खालचा दांडा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो आधीमगांच्या हातात दिला. आधीमगांनी कुसू नखाने खरवडलं, वास घेतला, आणि दांडा खिशात घालायला गेले. तो मावला नाही. तसाच हातात धरून उभे राहिले.

मग ते पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले. मागे रेलले, डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, उठले. दुसरीवर बसले. सुतारांना आधी गंमत वाटली. एक जण म्हणाला, फोरमनचा नंबर काही लागत नाही वाटतं. नंतर कुणी हसेना. मी खिडकीतून मोजत होते. त्रेचाळिसाव्या खुर्चीला मी बोळा खाली ठेवला आणि बाहेर गेले.

‘‘या रांगा नकोत,’’ मी म्हटलं. ‘‘शेवटच्या एकशेवीस बघा. नवव्या दिवशी तुम्ही पट्टी आणायला गेला होतात, तेव्हा मी काम सुरू केलं. ऐंशी दांडे. पुसले होते मी, पण पुसून जात नाही.’’

ते खुर्चीवरच बसून होते. माझ्याकडे खालून वर बघत होते. इतके थकलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

‘‘ऐंशीच?’’

‘‘ऐंशीच. मोजलेत.’’

‘‘बरं झालं मोजलेत. तुम्ही आता खोलीत जा, बाई. मालकांशी मी बोलतो.’’

आणि मी गेले. हे लिहिताना लाज वाटते, पण गेले. एकशेवीस खुर्च्यांवर मिस्त्रींनी लाकडी हातोडीने एकेक सांधा ठोकून बघितला. सत्तावन्न खुर्च्यांचे सांधे हलले. त्या उघडायच्या, कुसवं पटाशीने खरवडायची, पाचर मारून पुन्हा सरस लावायचा. शिकंजे तीस, म्हणजे दोन दिवस आवळण्यातच जाणार होते. काम एकविसाव्या दिवशी पुरं होणार होतं. एक दिवस उशीर.

मालकांचा आवाज आमच्या खोलीत भिंतीतून ऐकू येत होता. कुणाच्या हातून झालं, हे ते पुन्हा पुन्हा विचारत होते. नऊ जणी ऐकत होत्या आणि एकही हलत नव्हती. मग आधीमगांचा आवाज आला, नेहमीचाच, ना चढा ना उतरलेला. ‘‘क्रम मी लावला. त्यात पट्टी संपली तर काय करायचं, ते मी ठरवलं नव्हतं. चूक माझी आहे.’’

एकविसाव्या दिवशी खुर्च्या गेल्या. बाविसाव्या दिवशी आधीमगांना फोरमनच्या जागेवरून काढलं. थोरले मिस्त्री फोरमन झाले आणि आधीमग घासकामावर गेले, ज्या बाकावर एकोणिसाव्या वर्षी बसले होते त्याच बाकावर. पॉलिशची खोली राहिली. का राहिली, ते मी स्वतःला विचारू दिलं नाही. जिवात जीव आला होता, आणि त्या आलेल्या जिवाची मला किळस येत होती.

महिनाभराने एका रविवारी ताईंना बघायला गेले. हात बरा झाला होता. त्या बादलीत कपडे भिजवत होत्या. म्हणाल्या, ‘‘धाकट्याच्या कपड्यांना पुन्हा भुसा यायला लागलाय. खोकतो पण. त्याने मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुला काही माहीत आहे का गं?’’

मी चहा अर्धा टाकून उठले.

सोमवारी सकाळी मालकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. नववा दिवस, ऐंशी दांडे, ‘हो’ म्हटलेलं, सगळं. म्हटलं, मला काढा, त्यांना जागा परत द्या. मालकांनी ऐकून घेतलं. या वेळी त्यांचा आवाज चढला नाही.

‘‘बाई, मला ते त्याच दिवशी कळलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘फोरमन काय दांड्यांना पॉलिश लावत फिरतो? पण इस्पितळाला उशिराचं कारण लिहून द्यायचं होतं. पॉलिशमध्ये चूक झाली असं लिहिलं असतं, तर तुमची खोली बंद केल्याशिवाय इस्पितळाने मला पुन्हा काम दिलं नसतं. तुमचे फोरमन म्हणाले, नियोजन चुकलं असं लिहा. मग नियोजनवाल्याला काढल्याचंही दाखवावं लागलं. तेही तेच म्हणाले. खोली राहू द्यायची आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही, एवढंच मागितलं त्यांनी.’’

आता कागद गेलाय, आता काही बदलत नाही, असं म्हणून त्यांनी मला कामावर पाठवलं.

मी पॉलिशच्या खोलीकडे न जाता घासकामात गेले. आधीमग बाकावर वाकून खुर्चीच्या एका पायाला पॉलिश पेपर मारत होते. नाकातोंडावर फडकं, भुवया भुशाने पांढऱ्या झालेल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. मी म्हटलं, तुम्ही स्वतःला काय समजता? माझी चूक, माझी खोली, माझं तोंड, आणि माझ्या बदल्यात तुम्ही परस्पर सौदा करून मोकळे? तुमच्या तीस-पस्तीस वर्षांचं ओझं मी रोज घेऊन बसू का त्या खोलीत? निदान एकदा मला विचारायचं तरी होतं.

त्यांनी फडकं खाली ओढलं. ते रागावलेले नव्हते, आणि हसलेही नाहीत.

‘‘नवव्या दिवशी तुम्ही तरी कुठे विचारलं होतं?’’ ते म्हणाले, आणि पाय फिरवून दुसरी बाजू घासायला लागले.